मुलाच्या ‘नको’ला जागा ठेवा

मुलांसाठी शिकारीचे उपक्रम चालवणाऱ्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुंपणाआड होणाऱ्या शिकारीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्या कुंपणाआड नेल्या जाणाऱ्या मुलांबद्दल. मी शिकार करत नाही. शिकार करणारा प्रत्येक माणूस क्रूर असतो असंही मी मानत नाही. दिवसच्या दिवस माग काढत हिंडणारा, वारा कुठून वाहतोय याचं भान ठेवणारा, नेम नीट बसणार नाही असं वाटलं की बंदूक खाली घेणारा शिकारी मला समजू शकतो. त्याच्याशी माझं पटत नाही, पण तो कशासाठी रानात जातो ते कळतं. मला कळत नाही ते दुसरंच. आठ-दहा वर्षांच्या मुलाला उंच जाळीच्या आत न्यायचं, आधीच पैसे भरून ठेवलेलं जनावर त्याच्यापुढे येईल अशी व्यवस्था करायची, त्याच्याकडून चाप ओढून घ्यायचा आणि मग सांगायचं की आज तू शिकारी झालास. याला माझा विरोध आहे, आणि तो मी शक्यतो तुमच्याच नियमांच्या आधारानं मांडणार आहे.

कुंपणातला व्यवहार तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर शिकार म्हटलं की अजून रान, मचाण आणि हाका एवढंच येतं. म्हणून थोडं तपशिलात सांगते. खासगी जमिनीभोवती साधारण आठ फूट उंचीची जाळी असते. आत कुठली जनावरं आहेत याची फोटोंसह यादी गिऱ्हाइकाला आधीच मिळते. दर शिंगांच्या मापावर ठरतो. सिंह असेल तर आयाळीवर. खाद्याची पिंपं तिपायांवर उभी केलेली असतात आणि रोज ठरावीक वेळी त्यांतून आपोआप मका सांडतो. जनावर त्या वेळेला तिथे येतं, कारण कित्येक महिने ते तसंच येत आलेलं असतं. टप्प्यात आडोसा बांधलेला असतो, बंदूक टेकवायला आधार असतो, शेजारी वाटाड्या असतो. अनेक ठिकाणी जाहिरातीतच हमी दिलेली असते की शिकार मिळाली नाही तर पैसे नाहीत. काही हरणांची पैदास फक्त शिंगांसाठी होते, निवडक नरांचं वीर्य वापरून कृत्रिम रेतनानं, आणि ती शिंगं रानात कधी दिसणार नाहीत इतकी अवाढव्य वाढतात. काही जनावरं जन्मापासून माणसाच्या हातचं खाऊन मोठी झालेली असतात. माणूस दिसला की पळायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

सगळी कुंपणं सारखी नसतात, हे मान्य. काही हजार एकरांची जमीन, आत वर्षानुवर्षं आपापली वाढणारी हरणं, शिकाऱ्याला दोन-दोन दिवस काही न दिसण्याची शक्यता, हे एका टोकाला. दुसऱ्या टोकाला काही एकरांचा तुकडा आणि गिऱ्हाईक यायच्या दोन दिवस आधी ट्रकमधून उतरवलेलं जनावर. मधे सगळ्या छटा आहेत. तुम्ही नेहमी पहिल्या टोकाचं उदाहरण देता. पण मुलांच्या उपक्रमांसाठी जागा निवडताना नेमकी दुसऱ्या टोकाकडची निवडली जाते, कारण मूल लवकर कंटाळतं, त्याला फार चालवत नाही आणि त्याला ‘यश’ मिळालंच पाहिजे असा मोठ्यांचा आग्रह असतो.

काळवीट, चितळ आणि नीलगाय ही आपल्याकडची जनावरं अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अशा रँचवर, म्हणजे मोठ्या खासगी कुरणांवर, आहेत. काळविटं तिथे १९३० च्या दशकात नेऊन सोडली गेली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाच्या शिकारीला बंदी आहे. टेक्सासमध्ये ते परदेशी पशुधनात मोडतं. त्याला शिकारीचा हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, आणि त्याची किंमत शिंगांच्या इंचांवर होते. मोकळ्या माळावर ताशी ७० ते ८० किलोमीटर वेगानं धावू शकणारं हे जनावर. त्याच्याकडे नख्या नाहीत, सुळे नाहीत, दाट झाडीत दडून बसायची त्याची रीत नाही. दूरवरचं दिसणं आणि पळ काढणं एवढ्यावरच ते लाखो वर्षं टिकलं. जाळीनं त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांची गत याहून वाईट आहे. तिथे ३०० हून जास्त ठिकाणी मिळून सुमारे ८,००० सिंह बंदिवासात आहेत. बछडी जन्मल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत आईपासून काढून घेतात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. मग ही बछडी पर्यटकांपुढे ठेवतात. त्यांना बाटलीनं दूध पाजायचे, मांडीवर घेऊन फोटो काढायचे पैसे असतात, आणि पैसे भरणाऱ्यांत मुलं असलेली कुटुंबं खूप असतात. बछडं अनाथ आहे, मोठं झालं की रानात सोडू, असं मुलांना सांगितलं जातं. माणसाच्या हाती वाढलेला सिंह रानात सोडता येत नाही. तो मोठा झाला की त्यातल्या कित्येकांची रवानगी शिकारीच्या कुंपणात होते आणि हाडं आशियाच्या बाजारात जातात. २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्री बार्बरा क्रीसी यांनी तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून हा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. बाटलीनं दूध पाजणाऱ्या त्या मुलांपैकी किती जणांना पुढे खरं कळलं असेल? मुलाला जनावराच्या जवळ नेऊन त्याच्याशी खोटं बोलणं हाही मी याच प्रश्नाचा भाग समजते. बंदूक हातात देणं ही त्याच्या पुढची पायरी आहे.

आता तुमच्या नियमांकडे येते.

बून अँड क्रॉकेट क्लब ही अमेरिकेतली जुनी शिकारी संघटना. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ती काढली. ‘फेअर चेस’ हे तिचं मूळ तत्त्व: जनावर मोकळं असलं पाहिजे, रानातलं असलं पाहिजे, आणि शिकाऱ्यानं त्याच्यावर गैरवाजवी फायदा घेता कामा नये. ज्या कुंपणातून जनावराला सुटता येत नाही तिथे मारलेलं जनावर हा क्लब आपल्या विक्रमांच्या नोंदीत घेत नाही. शिंगं कितीही मोठी असोत. धनुष्यबाणाच्या शिकाऱ्यांचा पोप अँड यंग क्लबही हाच नियम पाळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेनं २०१५ मध्ये बंदिवासातल्या सिंहांच्या शिकारीशी संबंध तोडायचा ठराव केला. २०१७ मध्ये तो फिरवला तेव्हा तिचे अनेक सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. २०१८ मध्ये डॅलस सफारी क्लब आणि सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या दोन्ही मोठ्या संघटनांनी बंदिवासात पैदास केलेल्या सिंहांच्या शिकारीला पाठिंबा नाही असं जाहीर केलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००० साली मतदारांनी पैसे घेऊन बंदिस्त जनावरं मारू देण्यावर बंदी आणली. नॉर्थ डकोटात २०१० मध्ये तसाच प्रस्ताव मतदानाला आला, तो फेटाळला गेला. पण तो मांडण्यात पुढाकार शिकाऱ्यांचाच होता.

प्राणिहक्कवाल्यांनी बाहेरून लादलेला हा आरोप नव्हे, एवढं यावरून तुम्हीही मान्य कराल. कुंपणातली शिकार ही शिकार नाही, हे अनेक शिकारी स्वतः सांगत आले आहेत आणि त्यासाठी आपल्याच माणसांशी भांडले आहेत. मग जे प्रौढाच्या नावावर नोंदवायच्या लायकीचं नाही, ते मुलाला पहिला धडा म्हणून कसं चालतं?

याच रूझवेल्टांची एक गोष्ट तुमच्या व्यासपीठांवर वारंवार सांगितली जाते, आणि ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. नोव्हेंबर १९०२. ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला आणि अस्वलांच्या शिकारीत त्या मुलखात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं असा माणूस. कुत्र्यांनी एका काळ्या अस्वलाला गाठलं. अस्वलानं कुत्र्यावर झडप घातली तेव्हा कॉलियरनं बंदुकीच्या दस्त्यानं त्याला हाणलं आणि दोरानं झाडाला बांधून ठेवलं, राष्ट्राध्यक्षांनी येऊन बार टाकावा म्हणून. रूझवेल्ट आले, बांधलेलं जखमी अस्वल पाहिलं आणि गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर काढलेलं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये आलं, ते पाहून ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिक्टम या दुकानदारानं कापडी अस्वल करून विकायला ठेवलं, आणि जगभरातली मुलं आजही उशाशी घेऊन झोपतात तो टेडी बेअर जन्माला आला.

राहून जाणारा भाग असा, की ते अस्वल वाचलं नाही. त्याच्या यातना संपवा असं रूझवेल्टांनी सांगितलं आणि त्याला सुऱ्यानं मारण्यात आलं. बांधलेल्या जनावराच्या बाबतीत सन्माननीय शेवट शिल्लकच राहत नाही, हे त्या दिवशी तिथे दिसलं. तुम्ही नकार दिलात तरी ते मरतं. जे काही न्याय्य करायचं ते दोर बांधायच्या आधीच करायला हवं होतं. कुंपणाचंही तसंच आहे. आत आणलेलं जनावर या मुलानं सोडलं तर पुढच्या शनिवारी दुसरा कुणी त्याला मारणार, आणि मुलाला हे कळतं. मुलं असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथून पुढे आहे.

रानातल्या शिकारीत रिकाम्या हातानं परतणं ही रोजची गोष्ट असते. समजा एक मुलगी वडिलांबरोबर दिवसभर फिरली. संध्याकाळी ओढ्याच्या काठी हरीण दिसलं, तिनं बंदूक उचलली आणि तिचा हात थांबला. हरणाला वास लागला, ते निघून गेलं. विषय तिथेच संपला. तिनं कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही. नेम बसत नव्हता, एवढं म्हणाली तरी पुरे, कारण मोठे शिकारीही असेच परत येतात. तो हात का थांबला याचा विचार ती पुढे कितीतरी वर्षं स्वतःशी करू शकते. कदाचित पुढच्या वर्षी ती गोळी झाडेल, कदाचित जन्मात कधी झाडणार नाही. दोन्ही तिचेच निर्णय असतील.

आता हीच मुलगी कुंपणात आहे. पैसे भरलेले आहेत, आणि ते थोडे नाहीत. तारीख काही महिने आधी ठरली आहे, आजोबांना कळवून झालं आहे. वाटाड्याला आज काम दाखवायचं आहे. मागे मोबाइलवर चित्रण सुरू आहे. समोर हरीण मका खातंय. तिचा हात थांबतो, आणि हरीण जात नाही. ते खातच राहतं. जायला जागा नाही आणि भीतीही नाही. मग मोठी माणसं थांबतात. घाई नाही, शांतपणे श्वास घे, खांद्याच्या मागे नेम धर, असं कानात सांगतात. सगळे प्रेमानंच बोलत असतात. कुणी दरडावत नाही. पण ही वाट पाहणं कशासाठी आहे ते तिला माहीत आहे, आणि त्यातून बाहेर पडायचा एकच मार्ग आहे हेही. शेवटी ती चाप ओढते. सगळे टाळ्या वाजवतात.

मूल नको म्हणू शकतं, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही, असं तुम्ही म्हणाल. तोंडानं म्हणू शकतं, हे खरं. पण नको म्हटल्यावर वडिलांचे पैसे जातात, सगळ्यांचा दिवस वाया जातो, आणि ‘घाबरली’ हा शब्द आयुष्यभर चिकटतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या नकाराची एवढी किंमत तुम्ही आधीच ठरवून ठेवली असेल, तर त्याच्या होकाराला काही अर्थ उरत नाही. जिथे मरण हाच एक शेवट शक्य आहे, तिथे मारणाऱ्यानं काही ठरवलं असं म्हणता येत नाही. तुम्ही शिकारीतून मुलांना संयम, जबाबदारी आणि निर्णयशक्ती शिकवता असं तुमच्या पत्रकांत लिहिता. हमीच्या शिकारीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट वापरावी लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याला स्वतःचं मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार व समजुतीनुसार वजन दिलं पाहिजे. अमेरिकेनं या कराराला अजून मान्यता दिलेली नाही, दक्षिण आफ्रिकेनं १९९५ मध्येच दिली. त्याच कराराच्या समितीनं २०२३ मध्ये पर्यावरणाविषयी २६ वी सर्वसाधारण टिप्पणी काढली. तिच्यात मुलांना शारीरिक व मानसिक हिंसेपासून आणि हिंसा पाहावी लागण्यापासून वाचवलं पाहिजे असं म्हणताना घरातल्या हिंसेबरोबर प्राण्यांवर होणाऱ्या हिंसेचाही उल्लेख आहे. याच समितीनं पोर्तुगाल आणि स्पेन यांना बैलझुंजींपासून मुलांना दूर ठेवायला सांगितलं होतं. कुंपणातली शिकार या टिप्पणीच्या कक्षेत येते की नाही यावर तुमचे वकील वाद घालतील. घालू देत. मुलाला वाचवायचं ते कशापासून, याचं उत्तर वकिलांआधी आईवडिलांनी द्यायचं आहे.

मुलांवर एवढा भर का, हे मला समजतं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १ कोटी ७० लाख लोक शिकार करत होते. २०१६ च्या सरकारी पाहणीत ते १ कोटी १५ लाखांवर आले होते. तिथे १९३७ च्या कायद्यानं लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीव व्यवस्थापनाला जातो. शिकारीचे परवाने कमी झाले की राज्यांच्या वन्यजीव खात्यांची मिळकत घटते. ही चिंता खोटी नाही, आणि या पैशातून तिथली कितीतरी पाणथळ रानं आणि हरणांचे कळप राखले गेले, हेही मी नाकारत नाही. पण या चिंतेपोटी काय घडलं? २००४ पासून शिकारीच्या वयाच्या अटी सैल करण्याची संघटित मोहीम चालली. विस्कॉन्सिन राज्यानं २०१७ मध्ये देखरेखीखालच्या शिकारीची किमान वयोमर्यादा काढूनच टाकली, आणि त्याच हंगामात वर्षही पूर्ण न झालेल्या बाळांच्या नावानं परवाने निघाले. एखाद्या परंपरेला टिकण्यासाठी जर पाळण्यातल्या बाळाचं नाव लागत असेल, तर परंपरेनं स्वतःकडे पाहायला हवं. मुलं ही तुमच्या अंदाजपत्रकातली तूट भरून काढायचं साधन नव्हेत.

तुमच्या बाजूचे काही मुद्दे मला खरोखर विचार करायला लावणारे वाटतात.

पहिला सुरक्षेचा. लहान मूल, भरलेली बंदूक, अनोळखी रान, यापेक्षा कुंपणातली नियंत्रित जागा बरी, असं तुम्ही म्हणता. बंदूक हाताळणं शिकवायचं असेल तर सुरक्षा हवीच. त्यासाठी कागदाचं लक्ष्य आहे, हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या आहेत. तिथे मूल हजार वेळा चुकलं तरी कुणी विव्हळत नाही. जिवंत जनावरावर पहिली चूक झाली तर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मुलांना झेपतील अशा हलक्या बंदुका, थरथरणारा हात आणि पोटात बसलेली गोळी. मग मोठा माणूस पुढे होऊन काम संपवतो आणि मूल बाजूला उभं राहून बघतं. तो भाग तुमच्या चित्रफितींत नसतो.

दुसरा मांसाचा. कोंबडी-बोकड खाणाऱ्यानं शिकाऱ्याला नैतिकता शिकवू नये, खाटिकखान्यातलं मरण काय कमी भयंकर असतं, असं तुम्ही विचारता. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून आपण कत्तलखान्यात मुलांच्या सहली नेत नाही, तिथे त्यांच्या हातात सुरा देत नाही, आणि कापलेल्या जनावरामागे उभं करून त्यांचा फोटो भिंतीवर लावत नाही. मांस कुठून येतं हे मुलाला समजावं, ते नाटक न करता समजावं. मारणं हा बक्षिसाचा समारंभ झाला की मांसाचा मुद्दा तिथेच संपला. शिंगांच्या इंचांवर दर लावणाऱ्यानं तर तो काढूच नये.

तिसरा संवर्धनाचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. तलवारीसारख्या वाकड्या शिंगांचा ऑरिक्स हा आफ्रिकेतला हरणासारखा प्राणी २००० साली रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. टेक्सासच्या रँचवर मात्र तो हजारोंनी जगला, कारण त्याच्या शिकारीला पैसे मिळत होते. २०१६ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात त्याला पुन्हा मोकळं सोडायला सुरुवात झाली आणि २०२३ मध्ये त्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. ही मोठी गोष्ट आहे. पण चाडमध्ये तो परतला तो अबू धाबीनं जगभरच्या प्राण्यांच्या संग्रहांतून जमवलेल्या कळपामुळे, वाळवंटात त्याच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे. कुणा मुलानं त्याला कुंपणात मारल्यामुळे नव्हे. आणि सिंहांच्या बाबतीत तर हा युक्तिवाद टिकतच नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०१६ मध्ये हवाईतल्या अधिवेशनात बंदिवासातल्या सिंहांची शिकार आणि निव्वळ धंद्यासाठी होणारी पैदास थांबवण्याचा ठराव केला आहे.

गंभीर आजारी किंवा अपंग मुलांची इच्छा पुरवण्यासाठी म्हणूनही कुंपणातल्या शिकारी ठेवल्या जातात. त्या मुलांबद्दल आणि त्यांच्या आईवडिलांबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच विचारते, की चाकाच्या खुर्चीतून पहाटे रानात जाणं, हरणाचा कळप दुर्बिणीतून पाहणं, वडिलांशेजारी ब्लँकेट पांघरून बसणं, यातलं कुठलं सुख जनावर मेल्यावाचून मिळत नाही?

फोटोंबद्दलही बोलायला हवं. पहिल्या शिकारीनंतर मुलाच्या गालाला जनावराचं रक्त लावायची जुनी रीत अजून काही ठिकाणी पाळली जाते. पूर्वी ते पाहणारी दहा-वीस माणसं असत. आता तो चेहरा, ते रक्त, ती मेलेल्या मानेवर ठेवलेली छोटी बोटं इंटरनेटवर जातात आणि तिथून निघत नाहीत. खाली अनोळखी लोक त्या मुलाला शिव्याशाप देतात. ते लोक चुकतातच, लहान मुलाला असं बोलणं अक्षम्य आहे, आणि माझ्या बाजूच्या माणसांनाही मी हे पुनःपुन्हा सांगते. पण त्या मुलाला तिथे उभं कुणी केलं? अठराव्या वर्षी त्याला तो फोटो नकोसा वाटला तर त्यानं कुणाकडे जायचं?

तुमच्याकडून मला काय हवं ते आता स्पष्ट लिहिते. ज्या कुंपणातून जनावराला सुटता येत नाही तिथे मुलांचा एकही उपक्रम घेऊ नका, मग ते कुंपण कितीही एकरांचं असो. प्रौढांसाठीही ते बंद व्हावं असं माझं मत आहे, पण त्यासाठी तुमच्यात एकमत व्हायची वाट पाहत मुलांना आत ठेवू नका. हमी, बक्षीस, शिंगांचं माप आणि फोटो या गोष्टी मुलांच्या उपक्रमांतून काढा. बारा वर्षांच्या आतल्या कुणाच्याही हातून जनावर मारून घेऊ नका. त्यानंतरही पहिला पूर्ण हंगाम मुलानं बंदुकीशिवाय यावं: माग ओळखावा, लेंडीवरून जनावर सांगावं, वाऱ्याची दिशा धरावी, रिकाम्या हातानं परतण्याची सवय करावी. हंगामाच्या शेवटी त्याला एकदा विचारावं, आईवडील समोर नसताना, की तुला पुढे यायचं आहे का. त्यानं नाही म्हटलं तर ते उत्तर त्याच्याकडेच राहू द्यावं, कारण विचारू नये आणि भरलेले पैसे परत करावेत.

आणि यातलं काहीच लगेच जमणार नसेल, तर एवढं तरी करा. पुढच्या हंगामाची मुलांसाठीची माहितीपत्रकं तुम्ही छापाल तेव्हा प्रत्येक उपक्रमापुढे ती जागा कुंपणातली आहे की मोकळी, जनावर तिथलंच आहे की आणून सोडलेलं, आणि शिकारीची हमी दिली आहे की नाही, हे आईवडिलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. उत्तराची वाट पाहते आहे. ते जाहीरच द्यावं, ही विनंती.

कळावे,
एक आई